काटा हलला नाही

९ फेब्रुवारी

ताई,

तुमच्या कंट्रोल रूमच्या फोनवर घरगुती बोललं की तुला ओरडा बसतो, म्हणून हे पत्र. मावशीला आधी वाचून दाखव आणि मग तू वाच, नाहीतर ती म्हणेल मी सांभाळलं आणि पोरगं लिहितं माझ्या लेकीला.

बातमी अशी की आमच्या कारखान्यातून एक ट्रान्सफॉर्मर तुझ्या सबस्टेशनला निघालाय. कागदावर तुमच्या सबस्टेशनचं नाव बघितलं आणि मी तो मुद्दाम माझ्याकडे टेस्टला मागून घेतला. बहिणीच्या दारात जाणारी वस्तू, दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायची?

तू मागे विचारलं होतंस की दिवसभर टाकीकडे बघत बसायचा पगार कोण देतं. तर ऐक. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तेल भरतात, वर थोडी जागा ठेवून तिथे नायट्रोजनचा दाब देतात आणि सगळं बंद करतात. बाहेरून प्रत्येक वेल्डवर, प्रत्येक सांध्यावर खडूची पूड पाण्यात कालवून फासतात. ती वाळली की पांढरीफेक दिसते. कुठे सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तेल पाझरतं आणि खडूवर काळपट डाग उमटतो. शिवाय दाबाच्या घड्याळाचा काटा पडायला लागतो. म्हणजे मला दोनच गोष्टी बघायच्या, डाग आणि काटा. तू अभ्यासाला बसलीस की मावशी दारात बसायची तसंच. फक्त टाकी मागच्या दाराने पळून जात नाही.

ह्या वेळी आत जागा नव्हती, म्हणून टाकी शेडच्या दारातच ठेवावी लागली. सकाळी गारठा, मग दिवसभर सगळं ऊन तिच्यावर आणि माझ्यावर. मी डोक्यावर ओला रुमाल टाकून स्टुलावर बसलो होतो. वेल्डर लोक येताजाता विचारत होते, राखण करतोयस की तपश्चर्या. पण संध्याकाळपर्यंत एक डाग नाही, आणि काटा तर केसभरही हलला नाही. चिकटवल्यासारखा. साहेब स्वतः येऊन बघून गेले. पाठीवर थाप मारून म्हणाले, असला काटा फ्रेम करून भिंतीला लावायला हवा.

तेव्हा माझी टाकी येतेय. तिचं कौतुक कर, आणि मावशीच्या गुडघ्यांना शेक चालू ठेव.

बारक्या

२१ एप्रिल

बारक्या,

आईने ते फ्रेमचं वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि शेजारच्या बाईंना तिखटमीठ लावून सांगितलं. आता सगळ्या कॉलनीचा समज आहे की कारखान्याच्या भिंतीवर तुझा फोटो लागलाय. कुणी विचारलं तर नाही म्हणू नकोस, तिची पंचाईत होईल.

तुझी टाकी आली, उभी राहिली, चालू झाली. अर्धं शहर आता तिच्या जिवावर आहे. आणि दुसरी गोष्ट तोंडी सांगायला हवी होती, पण तू येशील तेव्हा येशील. मला शिफ्टची इन्चार्ज केलंय. सहा महिने बघणार, जमलं तर कायम. इथे आजवर बाई ह्या खुर्चीत बसलेली नाही. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण मी आले की चहाच्या टेबलावरचं बोलणं जरा हळू होतं. ह्या जागेबरोबर तळमजल्याचं क्वार्टर मिळालंय. आईला जिना चढायला लागत नाही. पहिल्या दिवशी ती पाच वेळा घराबाहेर जाऊन आत आली, काही कारण नसताना.

माझ्या हाताखाली एक मदतनीस आहे. अंगावर मांस नाही म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. पण पकड अशी की गंजलेला नट बोटांनी सोडवतो. तुझी टाकी तो स्वतःची सायकल असल्यासारखी पुसतो. काल मला हाक मारून वरचा, तेलाची पातळी दाखवणारा काटा दाखवत होता. ऊन चढलं की तो वर सरकतो, दिवस कलला की खाली. तेल तापून फुगतं, दुसरं काय. पैलवान म्हणतो, आमच्या सासऱ्यांचा राग अगदी असाच.

आता कामाचं. टाकीच्या तळाशी तेल काढायचा व्हॉल्व्ह आहे ना, तो टाकीला बोल्टांनी आवळलाय त्या फ्लँजच्या कडेला तेलाचा डाग येतो. पुसला की जातो, दोन दिवसांनी परत. थेंब पडत नाही, नुसता ओलसर. नियमाप्रमाणे मी लेखी तक्रार घालायची आणि ती तुमच्या कारखान्याकडे जाणार. घालणारच आहे. पण टाकी तुझी, म्हणून आधी तुला विचारते. घालू ना?

ताई

१९ मे

ताई,

उत्तराला उशीर झाला. इथे कामाचा रेटा होता.

इन्चार्ज झालीस, फार आनंद झाला. हे बघायला तुझ्या शाळेतल्या त्या गणिताच्या बाई असायला हव्या होत्या.

डागाचं म्हणशील तर ते फ्लँजमधल्या रबरी गास्केटचं असावं. नवं गास्केट बसायला वेळ घेतं, त्यातून उन्हाळा. बोल्ट थोडे थोडे आवळून घ्या, समोरासमोरचे, एका वेळी पाव फेरा. बहुतेक तेवढ्याने थांबेल.

तक्रारीची घाई करू नकोस, असं मला वाटतं. तक्रार आली की इकडून माणसं निघणार, तिकडे ट्रान्सफॉर्मर बंद ठेवायला लागणार, अहवाल, खुलासे. तू नवी आहेस. लोक म्हणतील, बाई पहिल्याच डागाला घाबरल्या. आधी आवळून तर बघा.

मावशीला नमस्कार.

बारक्या

४ जून

बारक्या,

तुझी टाकी मी खराब केली.

तू सांगितलंस तसे बोल्ट आवळले. डाग गेला. मला वाटलं, चला, कागद न काळा करता काम झालं. चार दिवसांनी परत आला. परत आवळले. परत गेला, परत आला. पाव फेरा, पाव फेरा असं तू लिहिलं होतंस, पण असे किती पाव, ते मी तुला विचारलं नाही. तिसऱ्या वेळेला फ्लँजखाली माझा हात नीट पोचेना, म्हणून पैलवानाला म्हटलं तू आवळ. मी शेजारी उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गास्केट फाटलं. पडदा सोडल्यासारखं तेल आलं. फ्लँज व्हॉल्व्हच्या अलीकडे, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करून उपयोग शून्य. मी वर धावले आणि ट्रान्सफॉर्मर बंद केला. अर्धं शहर गेलं, पाण्याचे पंप गेले. दवाखान्याचा जनरेटर चालू झाला म्हणून तिथे निभावलं. पैलवान वाळूच्या पिशव्या आणायला पळाला आणि तेलावरून घसरला. उजवं मनगट मोडलं. जमिनीवर बसून तो दुसऱ्या हाताने पिशवी ओढत होता. मी ओरडले तेव्हा सोडली.

चौकशी लागलीय. बोल्ट जास्त आवळले हे तर बघूनच कळतं. विचारतील की तक्रार का नाही घातली, कुणाला विचारून आवळलं. मी सांगणार की माझ्या मनाने. तुझं नाव कशाला ओढायचं? तू लांबून जे कळलं ते सांगितलंस, हात तर आमचे होते.

पैलवानाकडे रोज जाते. त्याची बायको चहा करते, पण माझ्याशी बोलत नाही. तोही खाली मान घालून बसतो. मी चहा पिते आणि येते.

तू त्या उन्हात दिवसभर बसून जी टाकी पास केलीस, तिची मी ही अवस्था केली. रागावलास तरी चालेल.

ताई

१५ जून

ताई,

पत्र मिळालं. वाईट वाटलं. पण तू फार मनाला लावून घेऊ नकोस. अशा गोष्टी कामात होतात, कुणाच्याही हातून होतात. चौकशी म्हणजे काय, चार कागद फिरतात आणि थंड होतात.

आमच्या साहेबांनी मला बोलावलं होतं. तुमच्याकडून विचारणा आली म्हणून टेस्टची माहिती हवी होती. त्या दिवशी जे दिसलं ते मी लिहून दिलं.

पैलवानाला बरं वाटेल. मनगट लवकर जुळतं.

मावशीचे गुडघे कसे आहेत? पाऊस आला की तिला जास्त त्रास होतो, ते लक्षात ठेव.

बारक्या

३० जून

बारक्या,

निकाल लागला. मला खुर्चीवरून काढलं. आता बिलाच्या खिडकीवर बसते. बरी जागा आहे, पंखा आहे, आणि लोक ओरडतात तेव्हा माझ्या नावाने ओरडत नाहीत. क्वार्टर पुढच्या महिनाअखेर सोडायचंय. जी खोली मिळतेय ती तिसऱ्या मजल्यावर आहे. आईला अजून मजला सांगितलेला नाही. ती डबे कागदात गुंडाळतेय आणि म्हणतेय, तिकडे निदान उजेड असेल.

चौकशीत तुमच्या कारखान्याचं पत्र वाचून दाखवलं. टाकी निर्दोष, टेस्टच्या संपूर्ण वेळात दाब स्थिर, काटा हलला नाही. खाली साहेबांची सही आणि तुझी. खरं सांगू? तुझी सही बघून मला हायसं वाटलं. म्हटलं, ह्या सगळ्यात निदान त्याच्यावर काही आलं नाही.

नवीन इन्चार्ज शहाणा वाटतो. गास्केट बदललंय, तेल भरलंय, पुढच्या आठवड्यात ट्रान्सफॉर्मर परत चालू करणार. माझ्या हातून बिघडलेलं दुसऱ्याने दुरुस्त केलं, बस. मला आता फक्त पैलवानाचं लागून राहिलंय. त्या पकडीवर त्याचं पोट आहे. डॉक्टर म्हणतात, हात बरा होईल, पण पहिल्यासारखा होईल असं कुणी म्हणत नाही.

इथे ज्याला त्याला मला चार शब्द ऐकवायचे आहेत. ज्याने आयुष्यात पाना धरला नाही तो आवळावं किती ते मला सांगतो. तू एकटाच असा आहेस की टाकी तुझी असून एका शब्दाने बोलला नाहीस. आई म्हणते, आपल्या बारक्याचं मन मोठं आहे. मी म्हटलं, आहेच.

ताई

४ जुलै

ताई,

हे पत्र मावशीला वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच.

टाकी तू खराब केली नाहीस. ती माझ्याकडूनच फुटकी आली होती.

बंद टाकी गारठ्यात भरायची आणि दिवसभर उन्हात ठेवायची, म्हणजे आतलं तेल तापणार, फुगणार, आणि वरचा वायू दाबला जाणार. काटा चढायला हवा होता. निदान थोडा तरी. तो चढला नाही, कारण जेवढं तेल फुगत होतं तेवढं कुठेतरी जात होतं. आम्ही एरवी शेडच्या आत टेस्ट करतो. तिथे ऊन नाही, तिथे स्थिर काटा म्हणजे चांगली टाकी. इतकी वर्षं स्थिर काटा बघून खूश व्हायची सवय लागलेली. त्या दिवशी ऊन माझ्या डोक्यावर होतं, रुमाल मी दोनदा भिजवला, आणि तरी माझ्या टाळक्यात आलं नाही. साहेबांच्याही आलं नाही, पण बघायचं काम माझं होतं.

खडूवर डाग का नाही आला, तेही सांगतो. टाकीच्या बाजूंना बाहेरून उभ्या जाड पट्ट्या आहेत, बळकटीसाठी. त्या आतून पोकळ असतात. त्यातल्या एका पट्टीच्या मागे टाकीच्या पत्र्याच्या वेल्डला भोक असणार. तेल बाहेर न येता पट्टीच्या पोटात साठत गेलं. पट्टी भरली तेव्हा तिच्या खालच्या टोकातून पाझरायला लागलं, ओघळून तुमच्या फ्लँजवर आलं. तुम्ही फ्लँज पुसत राहिलात, आवळत राहिलात. फ्लँजला काही झालेलंच नव्हतं.

आता ह्याच्यापुढचं. हे मला आज कळलेलं नाही. तुझ्या एप्रिलच्या पत्रात तू तेलाच्या काट्याचं लिहिलं होतंस, ऊन चढलं की सरकतो म्हणून. ते वाचलं आणि फेब्रुवारीतला तो न हललेला काटा मला आठवला. महिनाभर उत्तर लिहिलं नाही ते कामामुळे नाही. रोज ठरवायचो की उद्या साहेबांना सांगू. मग मनाशी म्हणायचो, गास्केटही असू शकेल. तसं असूही शकलं असतं. पण मला तसं वाटत नव्हतं, आणि तरी मी तुला आवळायला सांगितलं. तक्रार घालू नको म्हटलं, कारण ती माझ्याच टेबलावर आली असती. बाई घाबरल्या म्हणतील, असं लिहिलं, कारण तुला तेच लागेल हे मला ठाऊक होतं.

काल तुझं पत्र आल्यावर साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "प्रकरण मिटलंय. बहिणीला चांगली नोकरी आहे, पगार तोच आहे. तू कशाला उकरतोस?" मी म्हटलं, ती टाकी पुढच्या आठवड्यात परत चालू होणार आहे. ते म्हणाले, गळेल तेव्हा बघू. मी तुमच्या कार्यकारी अभियंत्यांना सगळं लिहून पाठवलंय, माझ्या सहीने. आज सकाळी इथे मला टेस्टवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. ते बरोबरच आहे, त्याचं काही नाही.

ते पत्र पोचायला आणि कुणी वाचायला वेळ लागेल. तोवर तुम्ही थांबू नका. नव्या इन्चार्जना सांग, ट्रान्सफॉर्मर बंद आहे तोवर हातोडीच्या लाकडी मुठीने प्रत्येक पट्टी वाजवून बघा. रिकामी पट्टी घुमते. तेलाने भरलेली ठस्स वाजते. व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूची बघा. हे मी त्या दिवशी इथेच करू शकलो असतो, पाच मिनिटांचं काम होतं.

माफी मागायला मला तोंड नाही. तू जे लिहिशील ते वाचीन. नाही लिहिलंस तरी समजेन.

बारक्या

१६ जुलै

बारक्या,

पत्र आलं तेव्हा आई समोर बसली होती. काय म्हणतोय, विचारलं तिने. मी म्हटलं, कामात आहे. तुझ्यासाठी आणखी हे एक खोटं बोलले, आता नाही बोलणार.

त्याच दिवशी नव्या इन्चार्जकडे गेले. त्याला आधी पटेना. बिलाच्या खिडकीवरची बाई येऊन सांगते की पट्ट्या वाजवा. पण भला माणूस आहे, हातोडीची मूठ स्वतःच शोधून आणली. मी वाजवत गेले. पहिली घुमली, दुसरी घुमली. व्हॉल्व्हच्या वरची एक ठस्स वाजली. त्याने माझ्या हातातून मूठ घेऊन स्वतः वाजवली, मग पुन्हा पहिली वाजवली, मग पुन्हा ती. नंतर कंट्रोल रूममध्ये गेला आणि चालू करायचा हुकूम थांबवला. तुमच्याकडची माणसं येणार आहेत. तुझं पत्रही वर पोचलंय. चौकशी परत उघडतील म्हणतात. मला खुर्ची मिळेल की नाही ते कुणी सांगत नाही, आणि मीही विचारलं नाही. तक्रार न घालणं माझंच होतं. तू नको म्हणालास, पण नियम मला पाठ होता.

आता तुझ्याबद्दल. काट्याचं मी समजू शकते. माणूस चुकतो, आणि जिथे सगळेच वाहवा करतात तिथे तर हमखास चुकतो. मे महिन्याचं पत्रही, मनावर दगड ठेवून का होईना, समजून घेता येईल. घाबरलास. पण पंधरा जूनचं? मी तुला लिहिलं होतं की टाकी मी खराब केली. माणसाचा हात मोडल्याचं लिहिलं होतं. तू ते वाचलंस, कागद घेऊन बसलास, आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीस. ते एक पत्र मला गिळता येत नाही. ह्यावर उत्तर लिहू नकोस. उत्तर नकोय मला.

काल पैलवानाकडे गेले होते, पट्टीचं सांगायला. मला वाटलं होतं, ऐकून त्याला राग येईल, तुझा, माझा, कुणाचा तरी. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. मग बायको आत गेली तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही मला सांभाळून घेताय. शेवटचा पीळ मीच जास्त दिला होता. तुम्ही पाव म्हणालात, मी अर्धा दिला. म्हटलं, एकदाचं बंद होऊ दे. तेव्हापासून तुमच्याकडे बघवत नाही." म्हणजे तो जो खाली मान घालून बसायचा, तो माझ्यावरच्या रागाने नव्हे. आणि बायको माझ्याशी बोलत नव्हती, कारण नवऱ्यामुळे माझ्यावर चौकशी आली, पुढे खुर्ची गेली, ह्याची तिला लाज वाटत होती. दीड महिना मी त्या घरात चहा पीत होते आणि ती दोघं माझे गुन्हेगार असल्यासारखी समोर बसत होती.

मी परत परत सांगितलं, टाकी आधीच फुटकी होती, आवळायला नकोच होतं, पाव काय आणि अर्धा काय. तो म्हणतो, हो बाई. त्याला वाटतं मी त्याच्यासाठी गोष्ट रचून आणलीय. बिलाच्या खिडकीवर बसवलेल्या बाईचं कोण खरं मानणार?

तुझं खरं मानेल. टाकी पास करणारा तू.

बुधवारी त्याचं प्लास्टर काढणार आहेत. त्यानंतर काही दिवस तो घरीच आहे. शनिवारी सुट्टी घे आणि ये. मी गाडीवर उतरवून घ्यायला येईन आणि त्याच्या दारापर्यंत तुला सोडीन. आत तू एकट्यानेच जायचंस.

ताई